माणसं सांभाळायचं खातं

डिसेंबर २०२४मध्ये फोक्सवॅगनने कामगार संघटनेशी करार केला, की २०३०पर्यंत जर्मनीतल्या ३५ हजारांहून जास्त जागा कमी करायच्या. मार्च २०२५मध्ये सीमेन्सने जगभरातल्या सुमारे सहा हजार जागा कमी करणार असल्याचं सांगितलं. सप्टेंबर २०२५मध्ये बॉशने आणखी १३ हजारांचा आकडा जाहीर केला. ही तिन्ही नावं आपल्याला परकी नाहीत. चाकणला फोक्सवॅगन आहे, नाशिकला बॉश आहे, कळव्याला सीमेन्स आहे. आणि आपल्या घरच्याच टीसीएसनेही जुलै २०२५मध्ये १२ हजारांवर माणसं कमी करणार असल्याचं सांगितलंच की! त्यामुळे ‘तिकडच्या बातम्या’ म्हणून पान उलटायची सोय आता आपल्याला राहिलेली नाही.

अशी बातमी आली, की मी एक गोष्ट मुद्दाम बघते. ती सांगायला कोण उभं आहे? नफ्याचा आकडा कंपनीचा मुख्य अधिकारी सांगतो. नवा कारखाना, नवं यंत्र, नवी गुंतवणूक हेही तोच सांगतो. पण कपात झाली, की तिचं ‘समजावून सांगणं’ मनुष्यबळ विभागाच्या, म्हणजे एचआरच्या प्रमुखाकडे येतं. आणि मोठ्या कंपन्यांच्या सर्वोच्च मंडळात बाईला जी एक खुर्ची मिळते, ती पुष्कळदा हीच असते. घरात नाही का, पाहुणे आले की गप्पांना पुरुष आणि कुणाचं काही बिनसलं की समजूत घालायला बाई! तसंच काहीसं.

मग मला प्रश्न पडतो, मैत्रिणींनो, की हे खातं बाईला मिळतं ते तिचा मान म्हणून, की ‘माणसं सांभाळणं बायकांना चांगलं जमतं’ म्हणून? आणि मिळाल्यावर तिच्या हातात नेमकं काय असतं? याचं उत्तर शोधायला यानिना कूगेल या जर्मन बाईंची कारकीर्द फार उपयोगी आहे. २०१५ ते २०२० अशी पाच वर्षं त्या सीमेन्सच्या एचआर प्रमुख होत्या. साडेतीन लाखांच्या घरात कर्मचारी असलेली ती कंपनी. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराइतकी माणसं!

पण बाईंकडे वळण्याआधी ती खुर्ची समजून घेऊ या. कारण जर्मनीतली ही खुर्ची आपल्याकडच्यासारखी नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीत कामगारांनी एक मोठी गोष्ट मिळवली. कारखान्याच्या निर्णयात वाटा. १९५१मध्ये कोळसा आणि पोलाद उद्योगांसाठी कायदा झाला. त्यात कंपनीच्या व्यवस्थापन मंडळात एक ‘आर्बाइट्सडिरेक्टोर’, म्हणजे कामगार संचालक असलाच पाहिजे, असं ठरलं. आणि त्याची नेमणूक पर्यवेक्षक मंडळातल्या बहुसंख्य कामगार प्रतिनिधींच्या मताविरुद्ध करता येणार नाही, असंही ठरलं. पुढे १९७६मध्ये दोन हजारांवर कर्मचारी असलेल्या बाकीच्या कंपन्यांसाठी कायदा आला. तो थोडा मवाळ होता, पण कामगार संचालक तिथेही बंधनकारक झाला. शिवाय व्यवस्थापनावर देखरेख ठेवणारं जे पर्यवेक्षक मंडळ असतं, त्यातल्या निम्म्या जागा कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींना मिळाल्या. सीमेन्सचं उदाहरण घ्या. वीस जणांच्या मंडळात दहा कर्मचाऱ्यांचे. मतं समसमान पडली, तर अध्यक्षाचं जादा मत असतं आणि अध्यक्ष भांडवलाच्या बाजूचा असतो, हा त्यातला बारीक खडा आहेच. तरीही दहा जण समोर बसलेले असताना कुणाला ‘तुम्हाला विचारतंय कोण’ असं म्हणता येत नाही.

थोडक्यात काय, तर जर्मनीतल्या मोठ्या कंपनीचा एचआर प्रमुख म्हणजे नुसता भरती, पगार आणि दिवाळी गिफ्ट बघणारा माणूस नव्हे. कायद्यानं त्याला मंडळात जागा दिलेली असते.

या खुर्चीत किती ताकद असू शकते ते पेटर हार्त्स या गृहस्थांनी दाखवून दिलं. त्या ताकदीचं काय होऊ शकतं, तेही त्यांनीच दाखवलं! हार्त्स १९९३मध्ये फोक्सवॅगनचे एचआर प्रमुख झाले. कंपनीत तेव्हा ३० हजार माणसं जास्तीची ठरत होती. त्यांनी संघटनेशी बोलून चार दिवसांचा आठवडा आणला. २८.८ तास काम, कमी पगार, पण काढायचं कुणालाच नाही. या एका निर्णयानं त्यांचं नाव झालं. २००२मध्ये सरकारने देशाच्या बेकारी धोरणाची फेरमांडणी करणारी समिती त्यांच्याच हाती दिली. तिच्यातून निघालेले कायदे लोक त्यांच्या नावानंच ओळखू लागले. २००५च्या जानेवारीत लागू झालेल्या ‘हार्त्स चार’ने दीर्घकाळ बेकार असलेल्यांची मदत इतकी आवळली, की कित्येक गरीब घरांत ते नाव शिवीसारखं झालं. आणि त्याच वर्षी फोक्सवॅगनमध्ये कामगार नेत्यांना कंपनीच्या पैशातून खूश ठेवल्याचं प्रकरण बाहेर आलं. हार्त्स यांना पद सोडावं लागलं. २००७मध्ये न्यायालयानं त्यांना दोन वर्षांची स्थगित शिक्षा आणि ५ लाख ७६ हजार युरोंचा दंड केला.

मला यात एक गंमत दिसते. हार्त्सच्या काळी या खात्याला कुणी ‘मऊ’ म्हणत नव्हतं. हा सौदेबाजीचा, आकड्यांचा, राजकारणाचा मामला होता. ‘माणसं सांभाळणं हा बायकांचा गुण’ वगैरे भाषा या खुर्चीला नंतर चिकटली.

आता बायकांची बाजू बघू. जर्मनी म्हटलं की आपल्याला वाटतं, तिथे सगळं केव्हाच समान झालं असेल. पण पश्चिम जर्मनीच्या कायद्यात १९७७च्या मध्यापर्यंत असं लिहिलेलं होतं, की घरसंसाराच्या जबाबदारीशी जुळत असेल, तरच लग्न झालेल्या बाईला नोकरी करण्याचा हक्क आहे. वाचून दचकायला झालं ना? आपल्या आईच्या पिढीची गोष्ट आहे ही. तान्ही मुलं असताना कामावर जाणाऱ्या बाईसाठी तिथे ‘राबेनमुटर’ असा एक खास शब्द आहे. राबेन म्हणजे डोमकावळे. पिल्लांना घरट्यात टाकून उडून जाणारी कावळी आई! बापासाठी असा शब्द नाही, हे सांगायला नकोच.

अशा देशात कंपन्यांच्या वरच्या मंडळात बायका कुठून येणार? २०१७मध्ये एका संस्थेनं शेअर बाजारातल्या १६० कंपन्यांची मंडळं तपासली. तेव्हा असं निघालं, की या मंडळांत जितक्या बायका आहेत, त्यापेक्षा थोमास आणि मिशाएल या दोनच नावांचे पुरुष जास्त आहेत. आपल्याकडे ‘सगळे सुरेश आणि रमेशच भरलेत’ म्हणावं, तसं झालं हे.

या गोष्टीला पहिला मोठा धक्का एका एचआर प्रमुखानंच दिला होता. तोही पुरुष. डॉइच टेलिकॉमचे थोमास झाटेलबेर्गर. म्हणजे एक थोमासच म्हणा ना! २०१०मध्ये त्यांच्या पुढाकारानं कंपनीनं जाहीर केलं, की २०१५च्या अखेरीपर्यंत मधल्या आणि वरच्या व्यवस्थापनात ३० टक्के बायका हव्यात. जर्मनीच्या शेअर बाजारातल्या पहिल्या तीस कंपन्यांत असं करणारी ती पहिली. त्यानंतर बाकीच्यांनाही जाग आली. सरकार कायदा आणेल ही धास्ती होतीच. मग ‘एक बाई आणा’ अशी धावपळ सुरू झाली.

आणि बाई आणली कुठे? एचआरमध्ये. सीमेन्समध्ये २०१०ला ब्रिगिटे एडेरर आल्या, एऑन या वीज कंपनीत त्याच वर्षी रेगिने श्टाखेलहाऊस, सॅप या सॉफ्टवेअर कंपनीत २०१०ला एक आणि २०१२ला दुसऱ्या, टेलिकॉममध्ये झाटेलबेर्गर यांच्याच जागी २०१२ला मारिओन शिक. आता पुढचं बघा. एडेरर २०१३ला गेल्या. श्टाखेलहाऊस २०१३ला. शिक २०१४ला. सॅपमधल्या दोघी तर वर्षभराच्या आतबाहेरच. प्रत्येकीची कारणं वेगवेगळी होती आणि सगळ्यांना एका सुपात घालू नये. पण इतक्या जणी एकाच दारानं आत याव्यात आणि इतक्या लवकर बाहेर जाव्यात, तर दाराची चौकट तपासायला हवी की नको?

यानिना कूगेल या पार्श्वभूमीवर आल्या. १९७०चा जन्म, गाव श्टुटगार्ट. शिक्षण अर्थशास्त्राचं, जर्मनीत माइन्त्सला आणि इटलीत व्हेरोनाला. पहिली नोकरी सल्लागार कंपनीत. २००१मध्ये त्या सीमेन्समध्ये आल्या, त्याही एचआरमध्ये नव्हे. धंद्याची दिशा ठरवण्याच्या कामातून त्या पुढे सरकल्या आणि मग मनुष्यबळाकडे वळल्या. सीमेन्समधून वेगळ्या झालेल्या ओसराम या दिव्यांच्या कंपनीत त्यांनी एचआरची धुरा सांभाळली, मग परत सीमेन्समध्ये आल्या. १ फेब्रुवारी २०१५ला, वयाच्या ४५व्या वर्षी, त्या कंपनीच्या व्यवस्थापन मंडळावर गेल्या. जुळ्या मुलांची आई. ‘राबेनमुटर’ म्हणणाऱ्या देशात ही काही लहान गोष्ट नव्हती. पाय रोवून बोलणाऱ्या, ऑफिसमध्ये किती तास बसलात यापेक्षा काम काय केलंत ते बघा म्हणणाऱ्या, बायकांसाठी टक्केवारीचा कायदा हवा असं उघड म्हणणाऱ्या. वर्तमानपत्रांनी त्यांना डोक्यावर घेतलं.

आणि मग आला नोव्हेंबर २०१७.

९ नोव्हेंबरला सीमेन्सने वर्षाचा हिशेब मांडला. नफा ६ अब्ज युरोंच्या वर, विक्रमी. त्यानंतर आठवड्याभरात, १६ तारखेला, दुसरी घोषणा झाली. जगभरातल्या सुमारे ६,९०० जागा जाणार, त्यातल्या निम्म्या जर्मनीत. लाइप्झिश आणि ग्योर्लित्स इथले कारखाने बंद. ही घोषणा समजावून सांगण्याचं काम कूगेल यांच्याकडे होतं.

कारण खोटं नव्हतं. वीजनिर्मितीच्या मोठाल्या गॅस टर्बाइनना गिऱ्हाईक राहिलं नव्हतं. पवनऊर्जा आणि सौरऊर्जा स्वस्त झाली होती. कंपनीचा हिशेब असा, की जगभरच्या कारखान्यांची ताकद वर्षाला ४०० टर्बाइन बनवायची आणि मागणी मात्र ११०च्या आसपासच राहणार. आपण ज्या सौरऊर्जेचं कौतुक करतो, तिची किंमत कुणीतरी कुठेतरी अशी मोजत असतं, हे यातून कळतं.

पण ग्योर्लित्स कुठे आहे बघा. जर्मनीच्या अगदी पूर्वेला, नदी ओलांडली की पोलंड. जुन्या साम्यवादी पूर्व जर्मनीतलं गाव. १९९०नंतर तिथले कारखाने पटापट मिटले, तरुण पश्चिमेला गेले. जे थोडे चांगल्या पगाराचे रोजगार उरले होते, त्यात सीमेन्सच्या टर्बाइन कारखान्यातले सातशेच्या आसपास. आणि घोषणेच्या दोनच महिने आधी, सप्टेंबर २०१७च्या निवडणुकीत, त्या सॅक्सनी राज्यात एएफडी हा अतिउजवा पक्ष पहिल्या क्रमांकावर आला होता. ग्योर्लित्सच्या मतदारसंघात तर सत्ताधारी पक्षाचे मिशाएल क्रेच्मर त्यांच्याकडून हरले होते. हेच क्रेच्मर डिसेंबरात राज्याचे मुख्यमंत्री झाले. म्हणजे हा नुसता सातशे नोकऱ्यांचा प्रश्न राहिला नव्हता. रिकाम्या हातांचा राग कुणाच्या झोळीत पडतो, असा तो प्रश्न होता.

विक्रमी नफा आणि आठवड्याभरात कपात! सगळा देश उसळला. आयजी मेटाल ही संघटना रस्त्यावर आली, राजकीय पुढारी कंपनीवर तुटून पडले. प्रश्नांच्या माऱ्यात पुढे होत्या कूगेल. मुख्य अधिकारी जो केझरही टीकेचे धनी झाले, पण मंडळाच्या वतीनं ‘हे का करतो आहोत’ हे पुन्हा पुन्हा सांगायची वेळ एचआर प्रमुखावर आली. टर्बाइनचा अंदाज त्यांनी केला नव्हता. किती कारखाने हवेत हे एकट्या एचआरनं ठरवलं नव्हतं. पण मंडळाच्या त्या सदस्य होत्या, निर्णय त्यांचाही होता. ‘माझा काही संबंध नाही’ असं त्यांनी म्हटलं नाही, आणि म्हणायला जागाही नव्हती.

पुढे काय झालं, ते माझ्या मते या कारकिर्दीतलं सगळ्यात शिकण्यासारखं आहे. सीमेन्स आणि संघटना यांच्यात २०१०पासून एक करार होता, की जर्मनीत सक्तीनं कुणाला काढायचं नाही. हा करार आणि पर्यवेक्षक मंडळातले दहा जण, यामुळे कंपनीला वाटाघाटीला बसणं भाग पडलं. आणि कंपनीच्या वतीनं टेबलाच्या अलीकडे बसल्या त्या कूगेलच. मे २०१८मध्ये तोडगा निघाला. जर्मनीतल्या कपातीचा आकडा सुमारे २,९००वर आला. ग्योर्लित्सचा कारखाना राहिला. कर्मचाऱ्यांना नवी कामं शिकवण्यासाठी दहा कोटी युरोंपर्यंतचा निधी ठरला.

म्हणजे हा विजय म्हणायचा का? २,९०० जागा गेल्याच की! पण नोव्हेंबरात ज्या गावाला टाळं लागणार होतं, त्याचं मे महिन्यात टाळं निघालं. आणि आता बघा गंमत. डेटा सेंटरांना वीज कमी पडू लागली, तशी २०२४-२५मध्ये गॅस टर्बाइनची मागणी पुन्हा इतकी वाढली, की हा धंदा ज्या सीमेन्स एनर्जीकडे गेला आहे, तिच्याकडे ऑर्डरींची रांग लागली. ज्या आकड्यांच्या जोरावर माणसं ‘जास्तीची’ ठरवली होती, ते आकडे सात वर्षं टिकले नाहीत. आकडे कठोर आणि माणसं सांभाळणं मऊ, असं जे आपण मानतो ना, ते एकदा तपासून बघायला पाहिजे. माणसं टिकवणं हाही पुढचा हिशेबच असतो, फक्त ताळेबंदात तो उशिरा दिसतो.

कूगेल यांची मुदत जानेवारी २०२० अखेर संपली. पुढची मुदत न घेता त्या बाहेर पडल्या, हे २०१९च्या जुलैतच जाहीर झालं होतं. पाच वर्षं, एक मुदत. नंतर त्यांनी पुस्तक लिहिलं, पर्यटन क्षेत्रातल्या टुईसारख्या कंपनीच्या पर्यवेक्षक मंडळावर गेल्या. वाया काही गेलं नाही. पण सीमेन्सच्या मुख्य अधिकाऱ्याच्या खुर्चीशी त्यांचं नाव कुणी गंभीरपणे जोडलं नाही. त्यांच्या जागी ऑक्टोबर २०२०मध्ये पुन्हा बाईच आल्या, युडिथ वीझे. बीएमडब्ल्यूने २०१९ला आणि मर्सिडीजवाल्यांनी २०२१ला आपलं एचआर खातं बाईकडे दिलं. आता कायदाही आहे. २०१६पासून शंभरेक मोठ्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळात ३० टक्के बायका बंधनकारक झाल्या आणि २०२१च्या कायद्यानं, व्यवस्थापन मंडळात तीनपेक्षा जास्त सदस्य असतील, तर निदान एक बाई हवीच. एक बाई! मग ती ‘एक’ कुठे बसवायची, हे आता तुम्हीच ओळखा.

पहिल्या फळीतल्या जर्मन कंपनीची एकटीनं सूत्रं हाती घेणारी पहिली बाई २०२१मध्ये आली. मेर्क या औषध आणि रसायन कंपनीच्या बेलेन गारिहो. त्या मूळच्या स्पेनच्या, शिक्षणानं डॉक्टर. आणि त्या आल्या औषधाच्या धंद्यातून, नफातोट्याचं खातं सांभाळत. एचआरमधून नव्हे. मला वाटतं, या एका गोष्टीत पुष्कळ काही आलं.

आता जरा आपल्या अंगणात येऊ. आमच्या महिला मंडळाच्या मार्गदर्शन वर्गात येणाऱ्या मुलींना मी ‘पुढे काय’ असं विचारते, तेव्हा निम्म्या जणी सांगतात, ‘एमबीए एचआर’. का? तर ‘गणित नको, फिरती नको, लोकांशी बोलायला आवडतं’. आयासुद्धा म्हणतात, ‘मुलींसाठी बरं असतं ते.’ बँकेत नोकरी बरी, शाळेत नोकरी बरी, त्यातलंच हे नवं ‘बरं’.

त्यातलीच एक मुलगी, एका कारखान्यात तीन वर्षं नोकरी करून नंतर ती सोडलेली, एकदा माझ्याशी बोलत बसली होती. कारखान्याचं नाव नको. ती म्हणाली, ‘काकू, यादी माझ्या हातात शुक्रवारी संध्याकाळी आली. सोमवारी प्रत्येकाला आत बोलावून राजीनाम्यावर सही घ्यायची होती. यादी कुणी केली, कशावरून केली, ते मला आजही माहीत नाही. पण त्या माणसांनी तोंड पाहिलं ते माझं.’ गंमत अशी, की दुसऱ्या बाजूच्या बायकाही माझ्याकडे येतात. नवऱ्याची नोकरी गेली, हप्ते थकले, घरात भांडणं. त्याही म्हणतात, ‘ती एचआरची बाई! बाई असून काळीज नाही तिला.’ एकीला ठरवायचा अधिकार नाही, दुसरीला दाद मागायची जागा नाही, आणि शिव्या मात्र बाईनं बाईला द्यायच्या. ज्यांनी यादी केली, ते दोघींच्याही नजरेआड.

इथे मला कूगेल आणि आमची ही मुलगी यांच्यातला फरक दिसतो. पगाराचा, देशाचा तो आहेच. खरा फरक खुर्चीमागे काय उभं आहे, याचा. कूगेल यांच्या मागे कायदा होता आणि समोर संघटना होती. समोर संघटना असणं हे एचआरला अडचणीचं वाटतं. पण समोर कुणी बोलणारं असतं, म्हणूनच एचआर प्रमुखाच्या शब्दाला मंडळात वजन येतं. ‘हे त्यांना पटणार नाही, दुसरा मार्ग काढा’ असं आत जाऊन सांगता येतं. समोर कुणी नसेल, तर ती नुसती निरोप पोचवणारी उरते.

आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. आधी साधारणपणे शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कपातीसाठी, टाळेबंदीसाठी सरकारची परवानगी लागायची. आता ती मर्यादा तीनशेवर गेली आहे. कामावरून कमी केलेल्या कामगाराला नवं कौशल्य शिकण्यासाठी पंधरा दिवसांच्या पगाराइतकी रक्कम देण्याची तरतूद त्यात आहे, आणि ती स्वागतार्हच आहे. पण पंधरा दिवसांत नवं काय शिकून होतं, हे घर चालवणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. शिवाय ही संरक्षणं ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांना. ‘एक्झिक्युटिव्ह’, ‘मॅनेजर’ अशी बिरुदं लावलेली आपली मुलं-मुली बरेचदा तिच्या बाहेर. संचालक मंडळात एक बाई हवी, हा नियम आपल्याकडेही २०१३च्या कंपनी कायद्यानं आला. तेव्हा किती कंपन्यांनी मालकांच्या बायको-मुलींना आणून ती जागा भरली, ते आपण वाचलंच आहे. कामगारांचा प्रतिनिधी मात्र त्या मंडळात हवा, असं आपल्या कंपनी कायद्यात कुठे नाही.

मग मुलींना सांगायचं काय? एचआरकडे जाऊ नका? छे, मुळीच नाही. माझं म्हणणं उलट आहे. जा, पण ‘बरं असतं’ म्हणून जाऊ नका. गणित टाळायला तर अजिबात जाऊ नका. कूगेल यांचा पाया अर्थशास्त्राचा होता, हार्त्स यांची सगळी हुशारी तासांच्या आणि पगाराच्या हिशेबात होती. कंपनीचा ताळेबंद वाचता येत नसेल, तर ‘कपात अटळ आहे’ हे वाक्य तुम्हाला पाठच करावं लागतं, तपासता येत नाही. कामगार कायदा नीट वाचा. नोकरी घेताना पगाराबरोबर हेही विचारा, की माणसं कमी करायचा निर्णय ज्या बैठकीत होतो, तिथे एचआरला बसवता का? की दार उघडून फक्त यादी देता? आणि पाच-सात वर्षांनी एकदा उत्पादनात, विक्रीत, हिशेब खात्यात बदली मागून घ्या. वरची वाट तिकडूनही जाते, हे गारिहोबाईंनी दाखवलंय.

आणि आपण घरातल्या बायकांनी काय करायचं? निदान एवढं करू, की कुणाच्या घरी असा लिफाफा आला, तर ‘तुमच्यातच काही कमी असेल’ हे म्हणायचं थांबवू. लिफाफा देणाऱ्या पोरीला शाप देण्याआधी, यादी कुठे झाली ते विचारू. नवऱ्याला, मुलाला, सुनेला सांगू, की सोमवारी बोलावलं म्हणून सोमवारीच सही करायची नसते. कागद घरी आणा, चार जणांना, एखाद्या कामगार वकिलाला दाखवा. तेवढा वेळ मागायचा हक्क प्रत्येकाला आहे.

माणसं सांभाळायचं काम आपण पिढ्यान्‌पिढ्या केलं. ते बिनपगारी होतं, तोवर त्याला ‘स्वभाव’ म्हटलं गेलं. आता पगारी झालंय, तर त्याला ‘मऊ खातं’ म्हणतात. ग्योर्लित्समध्ये जे थोडं वाचलं, ते मऊपणानं वाचलं नाही. लिहून ठेवलेला करार, टेबलासमोर बसलेली दहा माणसं आणि हिशेब कळणारी एक बाई, अशा तीन गोष्टी एका ठिकाणी आल्या, म्हणून वाचलं. हिशेब कळणाऱ्या बाया आपल्याकडे काही कमी नाहीत. बाकीच्या दोन गोष्टी मात्र आपल्याला अजून मागायच्या आहेत.